चोखणीचे टोक

टोक कापायचे ते सर्वांच्या देखत, असा आत्याच्या भावजयीचा आग्रह होता. या घरात पाठीमागे झालेल्या गोष्टी फार होत्या. निदान ही एक समोर व्हावी.

सुटीचा दिवस होता. दुकानाचे रस्त्याकडचे दार बंद होते आणि सगळे मागच्या खोलीत जमले होते. बसायला घरात चांगल्या दोन खोल्या असूनही ज्या गोष्टीचा निकाल लावायचा ती इथेच आणायची, हे आई होती तेव्हापासून चालत आलेले. भिंतीला टेकून अकॉर्डियने उभी होती. काहींचे भाते उलगडून टाकलेले, काहींच्या घड्यांचे कोपरे झिजून पापणीइतके पातळ झालेले. या वाद्यांना आजार असा एकच होतो: हवा कुठून तरी निसटू लागते. आणि या घराने दोन पिढ्या विद्याही एकच केली होती: ती कुठून निसटते ते शोधायचे आणि तिथे कातडे लावायचे. दुसऱ्यांच्या उसाशांच्या डागडुजीवर ते घर उभे होते; स्वतःचे उसासे मात्र त्याने कधी मोजले नव्हते.

"वन्सं, कात्री द्या ना," भावजय म्हणाली.

आत्याने हाताशी असलेली कातड्याची कात्री बाजूला सरकवली आणि खणातून कागदाची कात्री काढून दिली. "ही घे. ती रबरावर बोथट होते."

"एवढ्याशा टोकानं?" भाऊ हसला.

"बोथट व्हायला केवढं लागतं?"

वाद्यांचे सूर लावणारा भाऊ घरात मात्र शेवटी बोलणाऱ्याच्या सुरात सूर मिसळत असे, आणि आत्ता शेवटचे कोण बोलणार याचा त्याला अंदाज येत नव्हता.

मुंगी टेबलाखाली बसली होती. तिचे पाळण्यातले नाव कागदोपत्रीच उरले होते. तुरुतुरु चालते म्हणून सगळ्यांची मुंगी. तिचा तिसरा वाढदिवस जवळ आला होता. समोर जुन्या वाद्यांची निघालेली बटणे होती, तोंडात चोखणी होती आणि चोखणीच्या मागून मधूनच एखादा शब्द येई, बंद खोलीतून कोणी हाक मारावी तसा. दातांच्या डॉक्टरांनी तेच सांगितले होते: पुढचे दात बाहेर येत आहेत, शब्द आत अडकत आहेत, आता चोखणी सुटलीच पाहिजे.

"टोक कापलं की हवा जाते," भावजय समजावून सांगू लागली. "चोखण्यातली मजाच जाते. मग मूल आपणहून टाकून देतं. ओरडायला नको, हिसकावायला नको."

"आपणहून," अप्पा म्हणाले. ते खिडकीपाशी आपल्या खुर्चीत होते. हात थरथरू लागल्यापासून त्यांनी काम सोडले होते, खुर्ची सोडली नव्हती. "आपणहून टाकलेली वस्तू या घरात मी अजून पाहिलेली नाही."

"आमच्या हिनं अंगठा सोडला तो शाळेत पोरं हसली तेव्हा," विहीणबाई म्हणाल्या. त्या सकाळपासून लेकीचे सामान खोक्यांत भरायला आल्या होत्या आणि भरता भरता बोलत होत्या. "काय काय लावलं नाही अंगठ्याला! सगळं चाटून पुसून मोकळी. आणि हिची लेक बघा. दुधाची तहान लोक ताकावर भागवतात, या बयेनं रबरावर भागवली."

सहज निघालेले वाक्य होते. पण ते जिथे पडले तिथे दोन बायका होत्या आणि ते दोघींनाही लागले.

मुंगी वर्षाचीही नव्हती तेव्हा भावजयीला दुसऱ्या शहरात शिक्षणाला जागा मिळाली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखालचे काम. मागितल्याने मिळत नाही आणि नाकारल्यास पुन्हा येत नाही, अशी जागा. ती गेली. येई तेव्हा एक दिवस, फार तर दीड दिवस. मुंगी आत्याच्या मांडीवर वाढली. आता शिक्षण संपले होते, नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली होती, इस्पितळाजवळ घरही मिळाले होते आणि पुढच्या आठवड्यात सामान जायचे होते. त्या घरात आत्या नसणार होती. मुंगी झोपत असे ती चोखणी तोंडात घेऊन, आत्याच्या कुशीत. आई शिकायला गेल्यापासून या दोन्हींवाचून ती एकदाही झोपली नव्हती.

"गावाला झोपवते ही," भाऊ वातावरण हलके करायला म्हणाला, "धट्टेकट्टे गडी हिच्या हाताखाली आकडे मोजत आडवे होतात. पण या मुंगीपुढे हात टेकते."

"तू झोपवून बघ कधी," भावजय म्हणाली. मग ती टेबलापाशी वाकली. "मुंगी, जरा दे बाळा. लगेच देते."

मुंगीने चोखणी काढून दिली. सहज दिली. या घरात हातातून घेतलेली वस्तू बरी होऊनच परत येते, असा तिचा अनुभव होता.

कात्रीचा आवाजही झाला नाही. मसुराच्या डाळीएवढा रबराचा कण भावजयीच्या तळहातावर उरला. चोखणी परत गेली. सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या आणि सगळ्यांनी पाहिले.

मुंगीने एकदा चोखले. थांबली. पुन्हा चोखले. मग तिने चोखणी बाहेर काढली, दोन बोटांत दाबली आणि ती गालाशी नेली. अप्पा भात्याची घडी दाबून झुळूक कुठून येते ते गालावर जोखत, अगदी तशी.

"हवा जाते," ती म्हणाली. स्वच्छ म्हणाली, तोंड रिकामे होते.

भावजयीचा चेहरा उजळला. "बघा! आता टाकेल."

मुंगी उठली. दाराशी एक पसरट लाकडी ट्रे होता. दुरुस्तीला आलेले जे काही असेल ते गिऱ्हाइकाने त्यात ठेवायचे, ही दुकानाची शिस्त. मुंगीने चोखणी त्यात ठेवली, नीट, टोक वर करून.

"आत्या, कर," ती म्हणाली, आणि पुन्हा टेबलाखाली जाऊन बटणे लावू लागली.

रडली असती तर बरे झाले असते. हा निर्धास्तपणा पाहून भाऊ आधी फिस्कन हसला आणि मग त्याला हसणे लपवता येईना. "घ्या! सुटीच्या दिवशीसुद्धा गिऱ्हाईक!"

"दुसरं कुठलंही पोर असतं तर फेकून मोकळं झालं असतं," विहीणबाई म्हणाल्या. "हे दुकानदाराचं पोर."

"राहू दे तिथंच," भावजय म्हणाली. "खेळात विसरेल. चला, जेवून घेऊ."

"व्हा तुम्ही पुढे," आत्या म्हणाली. "मी पसारा आवरते."

खोली रिकामी झाली. आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले, मुंगीचे बोलणे येऊ लागले, आज पहिल्यांदाच भिंतीपलीकडूनही कळावे इतके सुटे. आत्याने सुऱ्या पुसल्या, सरसाचे भांडे झाकले, कातड्याची कात्रणे गोळा केली आणि मग ट्रे रिकामा आहे का पाहिले, जसे ती रोज पाही.

तिचे हात तिच्या आधी जन्मले असावेत असे आई म्हणायची. ते काम पाहून विचार करत नसत; विचार त्यांच्यामागून यायचा, धापा टाकत, उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासारखा. भात्याच्या कोपऱ्यांना लावायचे करडाचे मऊ कातडे तिने नखाएवढे कापले, काचेवर ठेवून त्याची कड तासली, इतकी की कडेला कातडे संपते कुठे आणि हवा सुरू होते कुठे हे डोळ्याला कळू नये. चिकटवायच्या सोल्युशनचे एक बोट. क्षणभर थांबायचे, ते ओले राहणार नाही आणि कोरडे होणार नाही अशा त्या मधल्या वेळेपर्यंत. मग दाब. तिने चोखणी गालाशी नेली. झुळूक नव्हती.

तेवढ्याच क्षणी तिला बरे वाटले. त्या क्षणात मुंगीही नव्हती, भावजयही नव्हती, नदीपलीकडचे घरही नव्हते. एक गळती होती, ती थांबली. जगात थांबवता येण्याजोग्या गोष्टी किती थोड्या असतात. तिने चोखणी तयार वस्तूंच्या फळीवर ठेवली, हात धुतले आणि जेवायला गेली. आणि पहिला घास हातात असताना तो उशिराचा पाहुणा, तो विचार, तिच्यासमोर येऊन बसला. ती उठणार होती. पण भावजयीचे जेवण तिच्याआधी आटोपले होते.

"हे कोणी केलं?"

भावजय मागच्या खोलीच्या दारात उभी होती. चोखणी तिच्या चिमटीत होती. मुंगी मधल्या खोलीत विहीणबाईंच्या खोक्यांतून आत-बाहेर करत होती. मोठी माणसे एकेक करून मागच्या खोलीत आली, कोणी हाक न मारता, आग लागल्यावर यावी तशी. आत्या सगळ्यांत शेवटी आली.

"मी," अप्पा म्हणाले.

भाऊ पुढे झाला. त्याने चोखणी घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्याचे नख सांध्यावरून फिरवले. "अप्पा, तुमच्या हातात चहाचा कप राहत नाही. ही कड ताईची आहे. बघा ना, नखाला सांधा लागत नाही!" कौतुकाने बोलला तो, आणि बोलून झाल्यावर एका वाक्यात आपण बहिणीला उघडे पाडले आणि बापाला दुखावले, हे त्याच्या ध्यानात आले. अप्पांनी हात मांडीखाली घेतले होते.

"सोल्युशनचा वास येतोय," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ते जास्त वाईट होते. "वन्सं, ही तोंडात जायची वस्तू आहे. तुकडा सुटून घशात अडकला असता म्हणजे? घसा केवढा अरुंद असतो ते मी रोज बघते."

"मी तिला देणार नव्हते."

"मग केलं कशाला?"

आत्याने खरे उत्तर शोधले. एकच होते आणि ते हास्यास्पद होते. "ट्रेमध्ये होतं."

"ट्रेमध्ये होतं! मग उद्या मी बसते ट्रेमध्ये. मलाही जोडा."

"अगं, काय बोलतेस?" विहीणबाई मध्ये पडल्या. "तू गेलीस तेव्हा यांनीच सगळं जोडून धरलं ना? माझे गुडघे असे, मला जमलं असतं का?"

"आई, तू माझ्या बाजूनं आलीयेस की त्यांच्या?"

"मी खोकी भरायला आलेय. बाजू तुमच्या तुम्ही भरा."

"तिचं चुकलेलं नाही," अप्पा अनपेक्षितपणे सुनेकडे मान वळवून म्हणाले. "लेकराच्या घशाची गोष्ट आहे. सून बरोबर बोलते."

आत्याने बापाकडे पाहिले. क्षणापूर्वी तिच्यासाठी खोटे बोललेला माणूस आता खरे बोलत होता, आणि दोन्ही वेळा त्याचे मन तेच होते.

"चोखणी मी लावली नव्हती," भावजय म्हणाली. इतक्या महिन्यांत न उच्चारलेले वाक्य शेवटी बाहेर आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"नाही. मी लावली," आत्या म्हणाली. "तू गेल्यावर दोन-तीन दिवसांत. तिला तू हवी होतीस. तू दुकानात मिळत नव्हतीस. जे मिळत होतं ते आणलं."

कुठल्याशा वाद्याच्या अर्धवट उघड्या भात्याने आपल्याच वजनाने एक घडी मिटली आणि बारीक, अर्धामुर्धा सूर निघाला.

"मी हौसेनं गेले नव्हते, वन्सं."

"माहीत आहे मला."

"यायचे ना मी, तेव्हा ती हे तोंडात घालून तुमच्या मांडीवरून माझ्याकडे बघायची. पाहुण्याकडे बघतात तशी. मी हात पसरायची आणि ती तुमचा पदर धरायची. मला वाटायचं, हे बूच एकदा निघालं की ती माझ्याशी बोलेल. आतमध्ये काहीतरी साठलं असेल माझ्यासाठी." ती आत्याकडे वळली. "खरं सांगा. ती इथंच राहावी असं वाटतं ना तुम्हाला?"

"वाटतं," आत्या म्हणाली. "वाटण्याला माझा काय इलाज आहे? पण माझ्या हातांनी तुझ्या आड यायला नको होतं. ते चुकलं."

त्याच वेळी भावजयीच्या साडीच्या निऱ्या बाजूला सारत, डोळे चोळत मुंगी आत आली. दुपारच्या झोपेची वेळ तिच्या चेहऱ्यावर उतरली होती.

"आत्या, झाली?"

भाऊ पटकन म्हणाला, "उंदीर घेऊन गेला गं. मोठ्ठा उंदीर."

"गप्प बस," अप्पा म्हणाले. "दुकानाची रीत काय आहे?"

रीत सगळ्यांना ठाऊक होती. वाद्य दुरुस्त होण्यासारखे नसेल तर गिऱ्हाइकाला थापा मारायच्या नाहीत, उद्या या म्हणायचे नाही, दुसऱ्याकरवी निरोप द्यायचा नाही. ज्याच्या हाती काम, त्याच्याच तोंडी नकार. उभे राहून, वस्तू दोन्ही हातांनी परत करून.

"मी सांगते," भावजय म्हणाली. "मी तिची आई आहे. रडली तर माझ्यावर रडू दे."

आत्या हे ऐकून थबकली. तिला पुढचे सगळे लख्ख दिसले. आई नाही म्हणेल. मुंगी आईपासून पळेल, आणि पळून येईल ती इथे, याच मांडीवर. तिला थोपटावे लागेल, आणि थोपटणाऱ्या हाताला कोण दोष देणार? काहीही न करता सगळे मिळत होते. फक्त गप्प उभे राहायचे होते.

तिने भावाच्या हातातून चोखणी घेतली आणि नख घालून आपला तुकडा सोलून काढला. सांधा चांगला बसला होता, सहजी सुटेना. मग ती उभ्या उभ्याच मुंगीसमोर वाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

"मुंगी, ही होत नाही."

"कर ना."

"नाही होत बाळा. हिची हवा जाणारच."

"कातडं लाव."

"लावून बघितलं. हिला कातडं चालत नाही."

"मग सुईनं कर."

"सुईनंही नाही."

मुंगीने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत अजून राग नव्हता, रडे नव्हते; आकाशाला तडा जाऊ शकतो हे नुकतेच कळलेल्याची ती नजर होती. मग ती खिडकीकडे वळली. "अप्पा?"

"आत्याला जमलं नाही म्हणजे कुणालाच जमायचं नाही," अप्पा म्हणाले.

मुंगीने चोखणी घेतली, तोंडात घातली, चोखली. हवा गेली. तिने ती काढली आणि आत्याला फेकून मारली. गुडघ्याला लागून चोखणी कुठेतरी बाकाखाली गडगडत गेली.

"जा! तू जा!"

आणि मग ते रडे आले, उशिराने, तळापासून. आत्याचे हात वर उचलले गेले. तिने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. मुंगी गर्रकन वळली. समोर कोण आहे हे तिने पाहिलेही नसेल. डोळे भरले होते. पडणारी वस्तू जवळच्या जमिनीकडे जाते तशी ती गेली, आणि जवळ, मघाच गुडघे टेकून खाली बसलेली भावजय होती. तिने मुंगीला उचलले, आतल्या खोलीत नेले आणि दार लोटले.

घर त्या रड्याने भरले. विहीणबाई उगाचच एक बांधलेले खोके सोडून पुन्हा बांधू लागल्या. "जाऊ का मी?" त्या म्हणाल्या.

"नको," आत्या म्हणाली.

"ताई, तू तरी जा," भाऊ दाराकडे बघत अस्वस्थ झाला. "तू गेलीस की आत्ता झोपेल."

"म्हणूनच नको."

भावाने काही म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि या वेळी कोणाच्याच सुरात सूर न मिसळता तो बहिणीशेजारी बाकावर येऊन बसला.

दारापलीकडे रडे कधी चढे, कधी धाप लागून उतरे, कधी त्यातून "आत्या" असा शब्द सुटून बाहेर येई. तो हाकेचा होता की रागाचा, हे सांगता येत नव्हते. मध्येच दुसरेही कोणी रडते आहे असे आत्याला वाटले. मग आवाज विरळ झाला. मग नुसते हुंदके, अंतराअंतराने. मग दुपार.

भावजय बाहेर आली तेव्हा विहीणबाई खोक्यापाशीच डुलक्या घेत होत्या आणि भाऊ अप्पांना हाताला धरून अंगणात घेऊन गेला होता. तिचे केस ओढून सुटले होते, खांदा भिजला होता. ती आत्याच्या शेजारी, भावाच्या रिकाम्या जागी बसली.

"झोपली."

आत्याने मान हलवली. कशी, हे तिला विचारायचे नव्हते.

"मला काहीच सुचलं नाही," भावजय आपणहून सांगू लागली. "गाणं म्हटलं तर जास्तच रडायला लागली. थोपटलं तर हात झटकला. मग मीही रडले. वेड्यासारखी रडले, वन्सं. तेव्हा ती थांबली आणि माझं तोंड बघत बसली. मग माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आत्याला येत नाही, आई.'"

आत्या हसली. निदान सुरुवात हसण्याने झाली.

"मी म्हणायला हवं होतं," भावजय खाली बघत म्हणाली, "की असं नाही, आत्याला सगळं येतं. जिभेवर आलं होतं. पण ती पहिल्यांदाच असं जवळ येऊन काही सांगत होती आणि... मी नाही म्हटलं. गप्प बसले. तिला जवळ घेतलं आणि गप्प बसले."

आत्याने आपल्या हातांकडे पाहिले. ते मांडीवर पडले होते, काही न धरता.

"बरं केलंस," ती म्हणाली.

आणि त्या दोघी तशाच बसून राहिल्या, एकीचे हात रिकामे, दुसरीचा खांदा ओला, दोघींचे कान लोटलेल्या दाराकडे.